दुष्काळपीडितांचीं छायाचित्रें छापावीं कीं नाहीं?

(समितीच्या वार्षिक सभेंत झालेलें भाषण, वक्त्यांनीं तपासून दिलेल्या प्रतीवरून)



यंदाच्या अहवालाचीं मुद्रितें गेल्या पंधरवड्यांत कार्यकारी मंडळापुढें आलीं, तेव्हां एका प्रश्नावर आमच्यांत उघड उघड दोन तट पडले. आपल्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव हिंडून आणलेलीं चाळीस-एक छायाचित्रें चिटणीसांच्या मेजावर आहेत. त्यांपैकीं कांहीं अशीं आहेत कीं, तीं पाहिल्यावर जेवणाचें ताट पुढें ओढवत नाहीं. विहिरीच्या तळाशीं पाणी भरावयास उतरली व पाय घसरून गेली अशा एका पोरीचें प्रेत त्यांत आहे. गळफास घेतलेल्या शेतकऱ्याच्या पायांशीं कोसळलेली त्याची बायको आहे. हीं अहवालाच्या पहिल्या पानावर छापावीं असें आमचे खजिनदार म्हणतात. मी म्हणतों, छापूं नयेत. वाद मिटेना, तेव्हां ज्यांच्या पैशावर ही संस्था चालते त्या वर्गणीदारांसमोरच तो मांडावा, असें अध्यक्षांनीं सुचविलें. त्याप्रमाणें मी आज उभा आहें.

खजिनदारांचा पक्ष दुबळा नाहीं, व तो मी त्यांच्याच शब्दांत सांगतों. ते म्हणाले, ‘वकीलसाहेब, आडतीवर कोणी नमुना पाहिल्यावांचून बोली बोलत नाहीं. तुम्ही दात्याला आंकडे दाखवितां; आंकडे वाचून कोणाचा हात खिशाकडे जात नाहीं. ज्या वर्षीं आपण फोटो छापले त्या वर्षींची वर्गणी काढून पाहा.’ मीं काढून पाहिली. त्यांचें म्हणणें खरें आहे. त्या वर्षीं वर्गणी अधिक जमली, त्या पैशानें जनावरें जगलीं व माणसांना पाणी मिळालें, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. मग मी विरोध कां करितों? त्याच वर्षींच्या एका छायाचित्रामुळें. त्याची हकीकत सांगतों. तींत दोष माझा आहे.

२०१३ सालच्या उन्हाळ्यांत माणदेशांतील एका चारा-छावणीस आम्हीं भेट दिली. दुपारची वेळ होती. एक वृद्ध बाई कडब्याच्या पेंढीला टेकून, गुडघ्यांत डोकें घालून बसली होती. लुगडें फाटलेलें, शेजारीं रिकामी घागर. आमच्याबरोबरच्या एका तरुणानें छायाचित्र घेतलें. छायाचित्र म्हणून तें उत्तम होतें. अहवालांत तें पानभर छापलें, आणि त्याखालचा मथळा मीं स्वतः लिहिला: ‘अन्नाविना झुरणारी निराधार वृद्धा’. बाईला आम्हीं कांहींएक विचारलें नव्हतें, नांवसुद्धां नाहीं.

दोन वर्षांनीं एक मनुष्य वांटणीच्या दाव्यासाठीं माझ्याकडे आला. काम सांगून झाल्यावर त्यानें पिशवींतून आमचा अहवाल काढला, तें पान उघडून माझ्यापुढें ठेविलें व म्हणाला, ‘सायेब, ही माजी आई. आमी निराधार न्हाई. आमची दोन बैलं आन् एक गाय छावणीत हुती, म्हणून ती तितं ऱ्हात हुती. आदल्या राती गाय व्याली. रातभर जागरण झालं, म्हणून तिचा डोळा लागला हुता.’ पुढें त्यानें सांगितलें तें असें. त्याच्या मुलीच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं असतां वराकडील कोणी तरी हेंच पान भर बैठकींत पुढें केलें आणि, तुमच्या घरांत म्हातारीला खावयास मिळत नाहीं काय, असें विचारलें. लग्न मोडलें कीं जमलें, हें मीं त्याला विचारलें नाहीं. तेवढा धीर मला झाला नाहीं. तो रागावलेला नव्हता. जातांना एवढेंच म्हणाला, ‘इच्यारलं असतं तर सांगितलं असतं.’

पंचवीसाहून अधिक वर्षें मीं साक्षीदारांची उलटतपासणी करण्यांत घालविलीं आहेत. ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून सांगणारा साक्षीदार पिंजऱ्यांत सांपडला म्हणजे आम्हां वकिलांना आनंद होतो. त्या दिवशीं माझ्याच कचेरींत, माझ्याच खुर्चीवर, तो साक्षीदार मी होतों. कॅमेऱ्यानें जें पाहिलें तेंच टिपलें होतें. खोटी साक्ष होती ती त्याखालच्या चार शब्दांत.

ही खोड आमच्यापासून सुरू झालेली नाहीं. १८७६ पासून १८७८ पर्यंत दक्षिण हिंदुस्थानांत जो मोठा दुष्काळ पडला, त्यांत अर्ध्या कोटीहून अधिक माणसें मेलीं असें मानतात. त्या वेळीं मद्रास इलाख्यांत विलोबी वॉलेस हूपर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें घेतलेलीं छायाचित्रें आजही पाहावयास मिळतात. हाडांचे नुसते सांगाडे उरलेलीं माणसें, मांडीवर तशींच मुलें, आणि हीं सर्व कॅमेऱ्यासमोर रीतसर मांडून बसविलेलीं. त्या काळचें यंत्र मंद होतें. चित्र नीट उठावें म्हणून या उपाशी जीवांना हलूं नका असें बजावावें लागत असलें पाहिजे, हा विचार मनांत आला म्हणजे तीं चित्रें दुसऱ्यांदा पाहवत नाहींत. हाच हूपर १८८६ सालीं ब्रह्मदेशांत मंडाले येथें होता. दरोडेखोर म्हणून धरलेल्या लोकांना गोळ्या घालण्याच्या ऐन क्षणाचें चित्र मिळावें यासाठीं त्यानें हुकूम देण्यास विलंब लाविला, असा आरोप होऊन विलायतेंत ओरड झाली व चौकशी बसली. एका माणसाच्या वर्तनावरून साऱ्या कलेस दूषण देणें न्याय्य नव्हे, हें मी जाणतों. पण पाहणाऱ्याची नजर एकदां मरूं लागली म्हणजे ती कोठवर मरत जाते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां त्याच मद्रासेंत, त्याच दुष्काळांत, दुसरा एक अधिकारी काय करीत होता तें पाहा. सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरास रोजीं एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसा पुरे, असें ठरविलें. इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनीं हा शिधा तुरुंगांतील कैद्यांच्या शिध्याशीं ताडून पाहिला आणि एवढ्यावर अंगमेहनतीचें काम करणारा मनुष्य जगूं शकत नाहीं, असें सरकारास लिहिलें. एकदां नव्हे, पुनः पुनः लिहिलें. १८७७ सालींच मद्रास सरकारास दर वाढवावा लागला. इकडे मुंबई इलाख्यांत तोच लढा पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दिला. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, व त्यांच्या पाठीशीं रानडे. सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून दुष्काळाच्या हकीकती एकामागून एक सरकारकडे रवाना केल्या, आणि टेंपलसाहेबांच्या दराविरुद्ध दाद मागितली. टेबलावर पडलेला असला कागद पाहून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु हूपरच्या चित्रांत दिसते ती भूक. कॉर्निशच्या कागदांत दिसतो तो एक रत्तलाचा हुकूम, आणि हुकूम बदलतां येतो.

आतां माझ्या पक्षाविरुद्धचा सर्वांत बळकट दाखला मीच पुढें करितों, कारण खजिनदारांनीं तो केला नाहीं तरी आपणांपैकीं कोणी तरी करीलच. १९४३ सालीं बंगालांत माणसें रस्त्यावर मरत होतीं. युद्धाचे दिवस, वृत्तपत्रांच्या लेखणीला वेसण घातलेली. दुष्काळाचे ठरलेले सरकारी नियम बंगालच्या सरकारनें अखेरपर्यंत लागू केलेच नाहींत, कारण ते लागू केले म्हणजे दुष्काळ कबूल करावा लागला असता. अशा वेळीं २२ ऑगस्टच्या रविवारीं कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राचे संपादक इयान स्टीफन्स यांनीं त्या शहराच्या रस्त्यांवरील भुकेल्यांचीं छायाचित्रें छापलीं, आणि पुढच्या रविवारीं आणखी छापलीं. पत्र इंग्रजांच्या मालकीचें. त्यामुळें ही देशी पुढाऱ्यांची अतिशयोक्ति आहे असें म्हणून हात झटकतां येईनात. गोष्ट समुद्रापार गेली. ऑक्टोबरांत नवे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल आले, त्यांनीं स्वतः कलकत्त्यास जाऊन परिस्थिति पाहिली व मदतीच्या कामास लष्कर लाविलें. तोंवर फार उशीर झाला होता. सरकारी चौकशी मंडळानें मृतांची संख्या १५ लाख धरली; पुढील अभ्यासकांनीं ती ३० लाखांपर्यंत नेली आहे. तरी त्या दोन रविवारांनीं कांहीं जीव वांचले यांत मला शंका नाहीं. स्टीफन्स यांच्या जागीं मी असतों आणि मला तेवढें धैर्य असतें, तर मींही तेंच केलें असतें.

त्याच दुष्काळांत चित्तप्रसाद नांवाचा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यांत पायीं हिंडला व भेटलेल्या माणसांचीं रेखाचित्रें व हकीकती त्यानें एका छोट्या पुस्तकांत छापल्या. सरकारनें त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून जाळल्या. हा चित्रकार पुढें कित्येक वर्षें मुंबईस अंधेरीस राहत होता. जाळण्याइतकी भीति ज्या चित्राची वाटली, तें कोणासमोर धरलेलें होतें, हें आपण नीट पाहावें.

माझ्या मतें सगळा प्रश्न येथेंच आहे. कोर्टांत एखादी वस्तु आम्ही पुरावा म्हणून दाखल करितों ती केव्हां? प्रतिपक्ष मूळ गोष्टच नाकबूल करितो तेव्हां. १९४३ सालीं सरकार नाकबूल करीत होतें, आणि शब्दांचा पुरावा घेण्यास तयार नव्हतें. तेथें मेलेल्या माणसाचें चित्र म्हणजे त्याच्या वतीनें केलेली शेवटची फिर्याद होती. आज आमच्यापुढें नाकबूल कोण करीत आहे? आपल्या तालुक्यांतील टंचाई सरकारी कागदांतच नमूद आहे. कोणत्या गांवास किती टँकर जातात हें तहसील कचेरींत लिहिलेलें आहे. हें सर्व मान्य असतां त्या मुलीचें प्रेत आम्ही कोणासमोर ठेवणार? आपणांसमोर, म्हणजे ज्यांनीं मागितल्याबरोबर चेक फाडून दिला त्या सद्गृहस्थांसमोर. तो पुरावा होत नाहीं. तें, क्षमा करा, दारांत मूल चिमटून रडविण्यासारखें होतें.

नाकबूल करणारीं सरकारें आजही असतात. २०१५ सालीं स्वराज अभियानानें सर्वोच्च न्यायालयांत जो अर्ज केला होता, त्यांत कांहीं राज्यें आपल्याकडे दुष्काळ आहे हेंच मान्य करण्यास टाळाटाळ करीत होतीं, आणि न्यायालयानें त्यांना वाळूंत डोकें खुपसणाऱ्या शहामृगाची उपमा दिली. तो निकाल मीं बारकाईनें वाचला आहे. त्यांतला वाद चालला तो पाऊस किती टक्के पडला, पेरणी किती झाली, जमिनींत ओल किती उरली, यांवर. असे कज्जे आंकड्यांनीं लढवितां येतात, ही आजच्या काळाची सोय आहे. १९४३ सालीं ती नव्हती.

कोणी म्हणेल, मग चित्रें पेटींत बंद ठेवा आणि सुखानें झोंपा. तसेंही नव्हे. १९५९ ते १९६१ या काळांत चीनमध्यें जो दुष्काळ झाला, त्याचीं चित्रें जगानें पाहिलींच नाहींत. सर्वांत कमी अंदाज धरला तरी दीड कोटीच्या आसपास माणसें गेलीं, आणि बाहेर ओरड झाली नाहीं. वृत्तपत्रें मोकळीं असतात तेथें दुष्काळ इतका माजत नाहीं, असें प्रोफेसर अमर्त्य सेन यांनीं दाखविलें आहे, तें मला सर्वस्वीं मान्य आहे. वृत्तपत्राचें काम निराळें व मदत-समितीचें निराळें, एवढेंच माझें म्हणणें. वृत्तपत्र सत्ताधाऱ्यास जाब विचारतें. आपण झोळी पुढें करतों. झोळी पुढें करणाऱ्यानें झोळींत प्रेत घालूं नये.

आणि छायाचित्रानें दाता हलतो, पण हलतो तो कोठल्या दिशेनें? २३ ऑक्टोबर १९८४ रोजीं बीबीसीनें इथिओपियांतील कोरेम येथील दृश्यें दाखविलीं. मोहंमद अमीन यांचा कॅमेरा, मायकेल बर्क यांचें निवेदन. साऱ्या जगांतून पैसा लोटला, गवयांनीं एकत्र येऊन जलसे केले, आणि पुष्कळांचे प्राण वांचले, हें निर्विवाद आहे. परंतु त्या दृश्यांत दिसली ती कोरडी जमीन व वाळलेलीं माणसें. तेथील सरकारचें उत्तरेंतील बंडखोर प्रांतांशीं चाललेलें युद्ध, आणि त्या युद्धांत अन्नाचा केलेला हत्यारासारखा उपयोग, हा भाग पाहणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत आला. आपल्याकडेही भेगाळलेल्या शेताचें चित्र पाहून दाता आकाशाकडे बघतो. वरच्या अंगाला कोणाच्या उसाला पाणी गेलें, हें त्या चित्रांत येत नाहीं. सभेंत ऊसवाले बागायतदार बसले आहेत व त्यांपैकीं कांहीं माझे अशील आहेत, तरी बोललों.

संमतीचा मुद्दा राहिला. आमचे कार्यकर्ते सांगतात कीं, हल्लीं ते आधीं विचारतात व लोक ‘काढा’ म्हणतात. विचारतात हें चांगलें. पण विचारणाऱ्याच्या मागें धान्याचीं पोतीं भरलेली गाडी उभी असते. १८७२ च्या करारविषयक कायद्याचें सोळावें कलम असें आहे कीं, एक पक्ष दुसऱ्याच्या मनावर हुकमत चालविण्याच्या स्थितींत असून त्या स्थितीचा फायदा घेईल, तर तशा रीतीनें मिळविलेली संमति खरी संमति नव्हे. त्या बाईनें ‘नको’ म्हटलें तर पोतें मिळेल कीं नाहीं, ही शंका तिच्या मनांत येणारच. आपल्या मनांत तसें कांहीं नसलें तरी येणार. सावकारानें कर्जदाराचा आंगठा घेतला तर आपण त्यास काय म्हणतों? मुलांच्या बाबतींत तर कायदा आणखी स्पष्ट आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या चौऱ्याहत्तराव्या कलमान्वयें, ज्या बालकाच्या प्रकरणाची चौकशी चालू आहे अशा निराश्रित वा पीडित बालकाची ओळख पटेल असें छायाचित्र छापणें हा गुन्हा आहे, व त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आपलें प्रत्येक प्रकरण त्यांत बसेलच असें नाहीं. पण त्या रेषेवर पाय ठेवून चालण्याचें आपणांस कारण काय?

माझी सूचना थोडक्यांत सांगतों. अहवालांत छायाचित्रें असावींत. आटलेला तलाव, विहिरीवरील रांग, छावणींतील जनावरें, आपल्या पैशानें खणलेल्या बंधाऱ्यावर कामास लागलेलीं माणसें, हें सर्व छापावें. एखाद्या माणसाचा चेहरा छापावयाचा तर मदत देऊन झाल्यावर, दुसऱ्या फेरींत, रिकाम्या गाडीनें जाऊन विचारावें. मथळा त्याला वाचून दाखवावा, आणि त्याची इच्छा असेल तर नांवानिशीं छापावा. प्रेतें व आक्रोश छापूं नयेत. परंतु तीं छायाचित्रें नष्टही करूं नयेत. लखोट्यांत मोहोर करून, दिनांक व गांव लिहून, चिटणीसांच्या ताब्यांत ठेवावीं. उद्यां एखाद्या अधिकाऱ्यानें त्या गांवीं टंचाई नव्हतीच असें लिहून दिलें, तर तो लखोटा उच्च न्यायालयांत मी फोडीन, आणि त्या कामाची फी घेणार नाहीं. मात्र तेव्हांही त्या कुटुंबाला विचारूनच.

यामुळें वर्गणी घटेल, हा खजिनदारांचा धाक मी पोकळ समजत नाहीं. घटलीच तर कडब्याचा भाव त्यांना द्यावा लागणार, मला नव्हे. म्हणून त्यांच्या वहींत माझ्या नांवावर गेल्या वर्षीं जी रक्कम आहे ती यंदा दुप्पट करावी, असें मीं त्यांना सकाळींच सांगितलें आहे. ज्या गृहस्थांना नमुना पाहिल्यावांचून सौदा करवत नाहीं, त्यांच्यासाठींही सोय आहे. पुढच्या रविवारीं पहांटे दोन गाड्या पूर्वेकडील गांवांस निघतील. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं चिटणीसांकडे नांव द्यावें, जेवणाचा डबा बरोबर घ्यावा, व पाण्याची बाटली विसरूं नये, कारण तेथें कोणाजवळ पाणी मागणें बरें दिसणार नाहीं.

आणखी एक. २०१३ च्या अहवालांतील त्या पानाचा खुलासा यंदाच्या अहवालाच्या शेवटीं छापण्यास मंडळानें मान्यता दिली आहे. चित्र पुनः छापलेलें नाहीं. नांवही घातलेलें नाहीं, कारण मुलानें नको म्हणून सांगितलें. ती बाई निराधार नव्हती, तिची दोन बैल व एक गाय अशीं तीन जनावरें छावणींत होतीं, आणि आदल्या रात्रीं गाय व्याली होती, एवढें त्यांत आहे.